न कमावलेला चहा

"बोला, आपल्याला काय हवंय?"

संगणकासमोर बसले की आमच्या खालच्या मजल्यावरचे काका आधी त्यालाच असं विचारायचे. पडद्यावरची तक्रार बोट फिरवत वाचायचे आणि मगच कीबोर्डला हात लावायचे. इरा, तुम्हीही तिकडून त्यांना पाहिलंय. व्हिडिओ कॉलवर माझ्या मागे दिसायचा तो पांढरा सदरा त्यांचाच.

आमचा जुना लॅपटॉप भंगारात निघाला होता. काकांनी त्यात लिनक्स बसवून तो वाचवला. फक्त वाय-फाय चालवणारा मोड्यूल वेगळा तयार करावा लागे, आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की पुन्हा नव्याने. मग हमखास तक्रार येई: हेडर फाइल सापडत नाही.

"म्हणजे काय हो?" मी एकदा विचारलं.

"वहिनी, मोड्यूल म्हणजे सदरा समजा. कर्नलच्या अंगाला तो बसायला हवा. हेडर म्हणजे मापं. आणि मापं याच कर्नलची हवीत, मागच्याची चालत नाहीत."

"नव्याचं पोट सुटलंय वाटतं," तुझे आजोबा खुर्चीतून म्हणाले. काका खूप हसले. काम झालं की अर्धा कप चहा घ्यायचे. "आज कमावलाय," म्हणायचे.

इरा, तू शाळेत पहिल्यांदा व्हायोलिन वाजवणार होतीस तेव्हाची गोष्ट. आजोबांना ते थेट पाहायचं होतं. डोळे अधू, फोनवर काही दिसत नाही, म्हणून लॅपटॉप टीव्हीला जोडायचं ठरलं. ऐन वेळी घोटाळा नको म्हणून काका आदल्या दिवशी स्वतःहून वर आले. नवा कर्नल घातला आणि जागा अडते म्हणून जुना काढून टाकला. पेठेतल्या माणसाला अडगळ खपत नाही. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करून पाहायचं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी सुरू केलं, तर वाय-फाय गायब. नव्या कर्नलचे हेडर नव्हते. ते आणायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वाय-फाय. मागे फिरावं, तर जुना कर्नल काढलेला. काका घामाघूम झाले. शेवटी मोबाइल वायरने जोडून त्यांनी हेडर उतरवले, मोड्यूल तयार केला. टीव्हीवर तू दिसलीस तेव्हा व्हायोलिन पेटीत ठेवत होतीस.

"जाऊ द्या हो," आजोबा म्हणाले, "तसंही मला ऐकू कुठे येतं?"

काका हसले नाहीत. चहाचा कप तसाच ठेवून उठले. "नको वहिनी. आज कमावलेला नाही."

त्यानंतर दर रविवारी तुमच्या कॉलच्या आधी ते दारात येऊन उभे राहायचे. "चालू आहे ना?"

"आहे हो. आत या."

"नको. मी हात लावला की बिघडेल."

आम्ही बोलत असताना ते जिन्यातच थांबलेले असायचे. चहा नाही, बसणं नाही. एकदा आजोबांनी झापलंच, "नात माझी, टीव्ही माझा, आणि सुतक तुम्ही पाळताय?"

"आपण मला काही बोलला नाहीत ना," काका म्हणाले, "म्हणून."

दिवाळीत तुला घरून पुन्हा वाजवायला सांगितलं, ते याचसाठी. तू विचारलंस, "आजी, दारात कोण उभंय?" तेव्हा आजोबा काठी टेकत गेले आणि काकांना मनगटाला धरून आत घेऊन आले. तू वाजवत होतीस. आजोबा तुझ्या हातांकडे बघत होते, काका जमिनीकडे.

संपल्यावर आजोबा म्हणाले, "मला तर ऐकू आलं नाही. कसं वाजवलं हिने, तुम्ही सांगा."

काका त्यांच्या कानाशी वाकले आणि मोठमोठ्याने सांगत राहिले: कुठे अडलीस, कुठे सूर छान लागला, कुठे घाई केलीस. आजोबांनी सगळं सांगून घेतलं. मग काकांनी मी ठेवलेला चहाचा कप उचलला. "अर्धाच," म्हणाले.

या उन्हाळ्यात ते मांजरी गावात मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले.

लॅपटॉप सुरू केला की पडद्यावर आता दोन ओळी येतात. वरची नव्या कर्नलची, खालची जुन्याची. दिवाळीनंतर काका पुन्हा लॅपटॉपला हात लावू लागले, पण जुना त्यांनी कधी काढला नाही. हेडरही दोघांचे ठेवलेत. मी काही दाबत नाही. जरा थांबलं की वरची ओळ आपोआप सुरू होते.

रविवारी तुमचा कॉल यायच्या आधी आजोबा दाराकडे तोंड करून मोठ्याने सांगतात, "चालू आहे हो!"