घुमटाभोवतीचा मेणदोरा

अर्सोने मॅसिडोनियातले कितीतरी घुमट रंगवले, पण लोकांच्या लक्षात राहिला एकच. तिथे आतल्या कड्यावर गोलाकार लिहायचं स्तोत्र काही मावेना, म्हणून शेवटची अक्षरं त्याने कशीबशी कोंबली होती. ‘अर्सोने देवाला दाटीवाटीत बसवलं,’ असं म्हणून लोकांनी त्याला जन्मभर चिडवलं.

आता डोळे अधू झाले होते. गावच्या चर्चचा हा घुमट आपला शेवटचा, हे त्याला कळत होतं. इथे तरी शेवटचं अक्षर पहिल्याला नीट भिडायला हवं होतं.

घुमटाला सारख्या अंतरावर आठ खिडक्या होत्या. एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत त्याने सरळ काठी धरली, तेवढ्या लांबीत बसतील अशी अक्षरं आखली आणि ओल्या गिलाव्यावर लिहायला घेतली. ओळ पुढच्या खिडकीपाशी आली, तर दोन बोटं जागा उरली. अशी आठ वेळा दोन बोटं, म्हणजे जवळजवळ दीड वीत भगदाड! सगळा गिलावा खरवडावा लागला.

खाली त्याची बायको स्तामेना मेण लावलेला दोरा गुंडाळत होती. त्या दोऱ्याने चर्चला बाहेरून वेढा घालायचा, असा नवस तिने नवऱ्याच्या डोळ्यांसाठी बोलला होता. अर्सो त्याची टर उडवायचा.

“काय हो, काठी वाकते का तुमची?” तिने विचारलं.

“काठी कशाला वाकेल?”

“पण भिंत वाकलीय ना! माझा दोरा बघा, कसा भिंतीला धरून जातो.”

अर्सोने काठी बाजूला ठेवली. म्हणाला, “आण तो दोरा वर.”

“तोडायचा नाही हं. नवसाचा आहे.”

दोरा कड्यावरून फिरत पुन्हा पहिल्या खुणेशी आला. तेवढा वेढा त्याने निम्मा दुमडला, पुन्हा निम्मा, पुन्हा निम्मा. ती दुमडलेली लांबी एका खिडकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत भिंतीला लावली. तंतोतंत! पुढेही तंतोतंत. आयुष्यभर ज्याच्याखाली मान वर करून उभा राहिला, तो अख्खा गोल आठ पदरांत त्याच्या मुठीत आला होता. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली.

स्तोत्र पुरं झालं, परांची उतरवली. खालून त्याला नुसता निळा रंग दिसत होता.

“जुळलं का गं?”

“मला मेलीला कुठे वाचता येतं! पण फट नाही कुठे. सुरुवात कुठली तेच कळत नाही.”

अर्सोने डोळे पुसले. दाराशी दोऱ्याचं एक टोक तिच्या हाती दिलं आणि भिंत चाचपत तो स्वतःच वेढा घालायला निघाला. फिरून दाराशी आला, तेव्हा टोक जुळवायला त्याला तिचे हात शोधावे लागले.