स्टेपनीच्या जागचं पोतं

लढाईच्या दिवसांत टायर मिळत नव्हते. वडिलांच्या भाड्याच्या मोटारीला स्टेपनी नव्हती. तिच्या जागी चिंध्यांचं पोतं असायचं. ट्यूब फुटली की टायरमध्ये चिंध्या ठासायच्या आणि रखडत जायचं. लोक कौतुक करायचे. कौतुक करायला काय जातं! आईची जुनी लुगडी सगळी त्या पोत्यात गेली; घरात एकही नवी गोधडी शिवली गेली नाही.

तापानं फणफणलेल्या धाकट्या बहिणीला नगरच्या दवाखान्यात नेताना पारनेरच्या पुढे ट्यूब फुटली. बहीण कुडकुडत होती.

आई म्हणाली, “येक लुगडं ऱ्हाऊ द्या, पोरीवर घालते.”

“टायर पोकळ ऱ्हाईल,” म्हणत वडिलांनी तेही ठासलं.

नगर आलं तेव्हा बहीण गार पडली होती. वडिलांनी टायर खोलून ते काळं पडलेलं लुगडं ओढून काढलं आणि आईपुढे धरलं.