औषधांच्या विम्याचा माझा अर्ज

तक्ता मी ड्रॉइंग शीटवर केला. खाजगी शाळेत सारा जन्म भूगोल शिकवलेल्या माणसाला साध्या कागदावर विचार करता येत नाही. इंदरगंजाच्या बाजारातून शीट आणली, तीन रंगांची स्केचपेनं आणली आणि जेवणाच्या टेबलावर आरोग्यविम्याच्या तीन योजना आखायला बसलो. आमची जुनी पॉलिसी हिरवी, दुसऱ्या कंपनीची निळी, तिसरीची तांबडी.

बायको पोळ्यांचा डबा घेऊन उभी. डबा कुठे ठेवावा ते तिला कळेना.

"अहो, यात नद्या कुठल्या आणि डोंगर कुठले, तेवढं सांगा. म्हणजे मी डबा पठारावर ठेवते."

डबा ती अजूनही जुन्या सवयीनं दोन्ही तळव्यांत दाबून धरते, बोटांनी नाही. तिला संधिवात आहे. गुडघे दुखतात तो नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुरू केलं. दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, मीच टोचतो. टोचताना डोळे मी मिटतो आणि जागा ती दाखवते. त्या इंजेक्शनानं तिची बोटं परत आली. वेणी घालता येऊ लागली, ब्लाउजचे हुक लावता येऊ लागले. त्याआधी वर्षभर ते काम माझ्याकडे होतं, आणि एकदाही मी ते सरळ रांगेत लावलेले नाहीत.

हे इंजेक्शन माझ्या पेन्शनीच्या आवाक्यातलं नाही, कारण मला पेन्शनच नाही. मुदतठेवींच्या व्याजावर घर चालतं. जुनी पॉलिसी होती म्हणून जमत होतं. घरी घ्यायच्या औषधांचे पैसेही ती देत असे, आणि आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षं थांबावं लागतं तेही आम्ही केव्हाच थांबून झालो होतो. पण या वर्षी हप्ता एकदम चढला. तेव्हा मी घरात जाहीर केलं की डोळे झाकून पैसे भरणाऱ्यांतला मी नाही, आधी तुलना होईल.

तुलना झाली. निळ्या योजनेचा हप्ता कमी, पण औषधाच्या प्रत्येक बिलातला पाचवा हिस्सा आपण द्यायचा. तांबडी योजना औषधं घरपोच देणार, पण त्यांच्या यादीतलीच, आणि त्या यादीत आमचं इंजेक्शन आहे की नाही हे बारीक टाईपातून मला उमगेना. हिरवी महाग, पण सगळं देणारी. वर एक नियम तिघींना सारखा: जुनी पॉलिसी न तुटता पुढे चालली, इथे किंवा तिथे, तर आधीची वर्षं धरली जातात. तुटली तर सगळं पहिल्यापासून, तीन वर्षं वाट पाहणं आलं. हा नियम मी शीटच्या मधोमध लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. आज सांगताना मला माझ्या अक्षराचीही लाज वाटते.

"भरून टाका ना हिरवीचे," बायको म्हणाली. "औषध मिळतंय, अजून काय पाहिजे?"

"अगं, चौदा प्रश्न आहेत माझे. त्यांची लेखी उत्तरं येऊ दे."

इथे आमच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे उत्तरेत आले ते दरबारात लिहायला. तलवार कुणी धरली नाही, पण अर्ज, विनंती, स्मरणपत्र आणि पोच यांवर आमच्या पिढ्या जगल्या. आमच्यात मूल बोलायला लागलं की आधी "लेखी घे" म्हणतं. वडिलांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या: पोच घेतल्याशिवाय कागद हातातून सोडायचा नाही, आणि आपला अर्ज विचाराधीन असेपर्यंत मुदत थांबते. दुसरी कुठल्या काळातली होती, देव जाणे. मी ती पडताळून पाहिली नाही. वडिलांना कोण पडताळतं?

मुदत संपायला दोन महिने होते तेव्हा चौदा प्रश्नांचा अर्ज घेऊन मी कंपनीच्या इंदरगंजातल्या ऑफिसात गेलो. काउंटरवर एक तरुण मुलगी होती. तिनं पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, आणि माझ्याकडे बघून हसली.

"अंकल, ये सब तो ऐप पे हो जाता है. कॉल सेंटर पे पूछ लीजिए, दो मिनट का काम है."

"बेटा, मुझे लिखित में चाहिए. आप बस पावती दे दीजिए."

"लगा देती हूँ सील, अंकल. पर इससे कुछ होगा नहीं. रिन्यूअल टाइम पे कर दीजिएगा."

तिनं माझ्या प्रतीवर शिक्का मारला. तिच्या तीन वाक्यांपैकी मी पहिलंच घरी आणलं. "दिली पोच," असं बायकोला ऐटीत सांगितलं आणि कागद फाईलला लावला.

मग मोबाईलवर इंग्रजी मेसेज येऊ लागले: हप्ता भरा, तारीख जवळ आली. मला रागच आला. अर्ज यांच्याकडे पडलेला, आणि उलट स्मरणपत्रं हेच पाठवतात! एका मेसेजला मी हिंदीत उत्तर दिलं, "कृपया मेरा पूर्व पत्र देखें." ते कुठल्या यंत्राच्या पोटात गेलं कोण जाणे. तारीख गेली. तारखेनंतर एक महिन्याची सवलत असते, हे मला माहीत होतं. तिची गरज पडणार नाही, हेही मला माहीत होतं, कारण मुदत थांबलेलीच होती.

मुलीला, म्हणजे पुण्याला असते ती आमची एकुलती एक, तिला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनं पाच मिनिटांत निकाल लावला असता आणि माझा तक्ता वाया गेला असता.

पुढच्या दोन इंजेक्शनांचं बिल पाठवलं तेव्हा उलट उत्तर आलं की पॉलिसी चालू नाही. शर्टाची बटणं लावत लावतच मी इंदरगंज गाठलं. काउंटरवर मुलगी तीच होती. तिनं नंबर टाकला आणि स्क्रीनकडे बघत राहिली. या वेळी ती हसली नाही.

"अंकल, ये तो बंद हो गई. ग्रेस भी परसों निकल गया."

"निकल कैसे गया? मेरा आवेदन विचाराधीन है!" मी शिक्का मारलेली प्रत काढली.

आतून मॅनेजर आले. भला माणूस. त्यांनी चौदाही प्रश्न उभ्यानं वाचले. "सर, ये तो पूछताछ का पत्र है. इससे तारीख नहीं रुकती. परसों तक भी आ जाते तो मैं खुद कर देता."

परसों. परवा मी काय करत होतो ते मला स्पष्ट आठवलं. परवा मी निळ्या योजनेचा रंग फिका वाटतो म्हणून तो पुन्हा गिरवत होतो.

मग मी जे केलं ते लिहायलाच हवं. मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला आणि तिथेच, काउंटरवर वाकून, दुसरा अर्ज लिहू लागलो. सेवेशी, सविनय, मी ज्येष्ठ नागरिक, पत्नी आजारी. समाससुद्धा सोडला होता मी. अर्ध्या पानावर ती मुलगी बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. "अंकल, मत लिखिए," म्हणाली. पाणी दिलं. पाणी प्यायलो आणि मला रडू आलं. रांगेतल्या लोकांनी सभ्यपणे भिंतीवरच्या जाहिराती वाचल्या.

घर माधवगंजात, पण मी सराफा बाजाराकडे वळलो. लग्नातली अंगठी तरी मोडू, चार-सहा महिने निघतील, असा हिशेब. दुकानात बसल्यावर कळलं की अंगठी निघत नाही. साबण लावला, तेल लावलं. सराफ आणि त्याचा भाऊ आळीपाळीनं ओढू लागले. शेवटी सराफ कातर दाखवून म्हणाला, "बाबूजी, काट दें?" अंगठी म्हणायचं होतं त्याला, पण मी उठलोच.

घरी गेलो तर बायकोची नजर आधी त्या बोटावरच गेली. तांबडं, टम्म फुगलेलं.

"हे काय? माझा आजार तुम्हाला लागला की काय?"

मी सांगितलं. अंगठीपासून सुरुवात केली आणि उलट्या क्रमानं चौदा प्रश्नांपर्यंत आलो. ती ऐकत होती. तिनं ओरडावं म्हणून मी मधे मधे थांबत होतो. तिनं एवढंच विचारलं, "फ्रीजमध्ये किती उरलीत?"

"दोन."

"मग महिन्यातून एक घेऊ. दोन महिने काढू."

"तसं चालत नाही, अगं!"

"तुम्हाला काय चालतं आणि काय नाही, ते राहू द्या आता." एवढंच काय ते बोलली. मग उठून स्वयंपाकघरात गेली.

डॉक्टर स्पष्ट बोलले. जुन्या गोळ्या वाढवून बघू, पण त्यांच्यावर भिस्त नको. इंजेक्शन लांबवलं तर सूज परतेल, आणि सांधा एकदा वाकडा झाला की मागे येत नाही. मुलगी फोनवर रडक्या आवाजात, "बाबा, मला एक फोन करायचा होता ना! एक फोन!" दर महिन्याला पैसे पाठवते म्हणाली. बायकोनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "तुझ्या घराचे हप्ते आधी भर," म्हणाली. पण आतापर्यंत त्या दोघींचं यावरून तीनदा भांडण झालंय, आणि तिन्ही वेळा मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलोय.

हिरवीच योजना नव्यानं घेतली. एजंट घरी आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आंटी की बीमारी मत लिखवाइए. कौन देखता है?" खरं सांगतो, क्षणभर मला त्याचा फार आधार वाटला. मी बायकोकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "उद्या पकडलं तर तेही जाईल. तुम्ही आणि मी, दोघांनी मिळून किती वेळा बुडवायचं?"

मोबाईलवरच्या फॉर्मात 'आजार आहे का' पुढे 'होय' होतं. ते तिनंच दाबलं, अंगठ्यानं, कारण पहिलं बोट इंजेक्शनाआधीच्या वर्षात वाकलं ते सरळ होत नव्हतं. दोनदा दाबावं लागलं. त्या दिवसापासून तीन वर्षं मोजायची. ती आज पासष्टची आहे.

पहिला रविवार आला. इंजेक्शन फ्रीजमध्येच राहिलं. त्या सकाळी आम्ही दोघंही एकमेकांशी जरा जास्तच गोड बोललो. सोमवारी काही नाही. मला वाटलं, बघा, उगाच घाबरलो. बुधवारी उठली तेव्हा दोन्ही मनगटं सुजलेली. हुक माझ्याकडे आले. लावताना तिचा श्वास अडकत होता, आणि मी विचारलं की म्हणायची, "कुठे काय?"

गुरुवारी सकाळी पाणी आलं होतं. ती मोरीत बादली भरायला गेली आणि आतून हाक मारली. आधी साधी, मग मोठ्यानं. मी धावलो. बादली भरून वाहत होती, आणि ती ओल्या साडीनं, दोन्ही मनगटांनी नळाची मूठ दाबून ढकलायला बघत होती. मूठ हलत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते दुखण्याचं की रागाचं, मला विचारवलं नाही.

मी हात घातला आणि नळ करकचून बंद केला. माझ्याकडून होण्यासारखं एवढं तरी होतं.

"इतका घट्ट नका करू," ती म्हणाली. "उद्या मला उघडता यायला नको का?"

मी मूठ थोडी सैल केली. नळ गळू लागला. खाली तिनं पायानं तांब्या सरकवला, आणि आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.