जोनासांचा पत्र्याचा पेला

जोनास गेले, असं मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी वांगी चिरत होते. चिरून झाली, मग विचारलं, "कशानं?" हार्ट अटॅकनं. ते माझे व्याही, जावयाचे वडील, इथेच अमेरिकेत, पिस्कॅटवेत राहायचे. महिना झाला, सगळे त्यांना प्रेमळ म्हणताहेत. मला तो माणूस आवडत नव्हता. मेला म्हणून आवडायला लागलेला नाही.

दोनेकशे वर्षांपूर्वी लिथुआनियातले लोक रशियाच्या झारविरुद्ध उठले. त्यातल्या एका पायदळ पलटणीत जोनासांचे खापरपणजोबा अधिकारी होते. बंदुका कमी, म्हणून शेतकऱ्यांनी गवत कापायची लांब पाती सरळ करून काठ्यांना ठोकली आणि तोफांपुढे गेले... ते ऐकून मला भरून यायचं, खोटं कशाला बोलू. पण जोनासांच्या तोंडी शेतकरी थोडे, खापरपणजोबांच्या कोटाची बटणंच जास्त. दर उन्हाळ्यात इथले लिथुआनियन मैदानावर तीच पलटण नाटकासारखी उभी करायचे. जोनास अधिकारी व्हायचे. एका वर्षी त्यांनी माझ्या नातीला, सुजाताला, पाणी द्यायचं काम दिलं. अधिकाऱ्यांना खापरपणजोबांच्या पत्र्याच्या पेल्यातून. मागे उभ्या शेतकऱ्यांना वरून धार, त्यांनी ओंजळ धरायची.

मी उठले आणि पोरीच्या हातातली बादली काढून घेतली.

"विहीणबाई, प्लीज!" एवढा एक मराठी शब्द त्यांना यायचा. बाकीचं मुलगी मराठीत सांगत होती. "तेव्हा असंच होतं."

"आमच्या गावातही असंच होतं. मी धरलीय ओंजळ. त्याचा खेळ नाही मांडत आम्ही."

"आजी, इट्स जस्ट प्रिटेंड," सुजाता म्हणाली. जोनासांपेक्षा मला तिचीच भीती वाटली. पोर हसत हसत धार धरायला शिकत होती.

"खोटं खोटंच ना? मग सगळ्यांना पेल्यातून दे."

जोनासांनी पेला छातीशी धरला. "नो. फॅमिली कप."

"आणि मी कोण?"

मुलीनं ते इंग्रजीत सांगितलंच नाही. गरजही नव्हती, त्यांनी मान फिरवली होती. त्यानंतर आम्ही एका टेबलावर जेवलो, पण मीठ मागायलाही मध्ये मुलगी लागायची. माफी त्यांनी मागितली नाही, मीही वाट पाहिली नाही.

परवा जावयानं तो पेला सुजाताला दिला. ती काचेच्या कपाटात ठेवायला निघाली होती. मी घेतला, चिंचेनं घासला आणि ओट्यावर पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवला. काल नळ दुरुस्त करायला माणूस आला. सुजातानं कुणी न सांगता पेला भरून आधी त्याला दिला, मग त्यातूनच स्वतः प्यायली.

जोनास असते तर भडकले असते. भडकू देत.