आधी बोट टेकव

“बोट टेकलंय का?”

अक्का हे नेहमी पाठीमागून विचारायच्या. मी पेशंटच्या तोंडात वाकलेलो असायचो आणि मानेजवळून तो आवाज आला की माझ्यासकट पेशंटही दचकायचा. बोट टेकलेलं नाही हे त्यांना माझ्या पाठीवरून कसं दिसायचं, ते मला आजवर कळलेलं नाही.

तुम्ही कधी दात साफ करून घेतले असतील तर आठवून पाहा. साफ करणारा हत्यार धरतो तीन बोटांत, पण करंगळीशेजारचं बोट तो जवळच्या एखाद्या दातावर टेकवून ठेवतो. ते टेकलेलं असलं की हत्यार घसरत नाही. नसलं की मग हिरडी, गाल, जीभ, जे समोर येईल ते. मला हे कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळाले होते. बोट मात्र हवेतच राहायचं.

बारावीला डेंटलची ॲडमिशन थोडक्यात हुकली, म्हणून मी मुंबईला जाऊन डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि दोन हजार सालाच्या आगेमागे शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात लागलो. आमच्या कबनूरात माझं काम कुणालाच कळलं नाही. शेजारी म्हणायचे, “म्हंजे कंपाउंडर.” आई पाहुण्यांना सांगायची, “दातांचा अर्धा डॉक्टर हाय.” उरलेला अर्धा व्हायचं माझ्या मनात होतं, पण दवाखान्यात ते बोलायची सोय नव्हती. डॉक्टरांनी मला घेतलं होतं तेच मुळी अक्कांच्या नंतर त्यांच्या स्टूलवर बसायला.

ते स्टूल म्हणजे चाकांचं, गोल, रेक्झिन फाटल्यावर अक्कांनी जुन्या इरकलीचं कापड घालून शिवलेलं. त्यावर बसून त्यांनी पंचवीस वर्षं जिल्ह्याचे दात घासले होते. अक्का गडहिंग्लजकडच्या. घरात कानडी, बाहेर आपली रांगडी मराठी, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, पदर खोचलेला आणि वर पांढरा कोट. मला म्हणायच्या ‘तम्मा’. कानडीत धाकट्या भावाला तसं म्हणतात. माझ्या आईपेक्षा त्या वयानं मोठ्या होत्या, पण मी कशाला तक्रार करू?

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पेशंटला हात लावू दिला नाही. म्हणाल्या, “डझनभर अंडी घिऊन ये.” कवचावर नेलपॉलिशचे ठिपके द्यायचे आणि अंडं न फोडता ते हत्यारानं खरवडून काढायचे, असा सराव. अक्का कट्टर शाकाहारी. अंडं त्या लांब चिमट्यात धरून, मान दुसरीकडं वळवून, ठिपका द्यायच्या आणि चार हात मागं सरकायच्या. पहिल्या दिवशी मी नऊ फोडली.

“नऊ पेशंट मारलास,” अक्का दारातून म्हणाल्या. “आता पुसून घे. आणि त्यो वास जाईपर्यंत मी आत येत न्हाई.”

पेशंटशी बोलणंही असंच रोखठोक. मिश्री लावणाऱ्या बायका दात स्वच्छ झाले की हमखास भांडायला यायच्या, “अक्का, फटी पाडलासा की.” अक्का हातात आरसा द्यायच्या. “फटी देवानं दिल्यात. त्यात तुम्ही सिमेंट भरलं हुतं.” भांडण करून त्याच बायका पुढच्या खेपेला जावेला घेऊन यायच्या.

“पेशंटनं डोळं मिटलं की समजायचं, भरवसा बसला,” असं त्या मला सांगायच्या. त्यांच्या हाताखाली माणसं मिटल्या डोळ्यांनी घोरायची. माझ्या हाताखाली सगळ्यांचे डोळे टक्क उघडे, नजर माझ्या हातावर.

इकडं मी डेंटलसाठी सीईटीचा क्लास लावला होता, दर मंगळवारी दुपारी. कारण काय सांगणार? आईचं पोट दुखतं, असं सांगितलं, आणि पुस्तक हत्यारं वाफेत निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हमागं दडवलं. अक्का माझे मंगळवारचे पेशंट घ्यायच्या, वर आईसाठी ओव्याची पुडी द्यायच्या. पाच महिन्यांत आमच्या घरी इतका ओवा साठला की आई विचारायला लागली, “दवाखान्यात पगार देत्यात का ओवा?”

परीक्षा जवळ आली तसं माझं डोकं केमिस्ट्रीत आणि हात पेशंटच्या तोंडात, अशी वाटणी झाली. अशाच एका दुपारी शिवाजी पेठेतल्या तालमीचे वस्ताद आले. रविवारी फुटबॉलच्या फायनलला त्यांच्या हस्ते कप द्यायचा होता. पेपरात फोटो येणार, म्हणून दात चकचकीत पाहिजेत. अक्का शेजारच्या खोलीत होत्या. वस्तादांच्या कार्डावर त्यांनी लाल पेननं लिहून ठेवलं होतं, ‘खालच्या पुढच्या दातांचं आतलं किटण काढू नये.’ ते दात उभे होते त्या किटणाच्याच आधारावर. मी कार्ड उघडलंसुद्धा नाही.

वस्ताद आडवे झाले आणि चक्क डोळे मिटले. माझ्या हाताखाली मिटलेले ते पहिले डोळे. मला चेव चढला. बोट टेकलेलं होतं, हे शपथेवर सांगतो. किटणाचा एक मोठा थोरला तुकडा निघाला. आणि ज्या दातावर बोट टेकलं होतं, तो दात बोटाबरोबर बाहेर आला.

वस्तादांनी डोळे उघडले. माझ्या चिमटीकडं पाहिलं.

“ह्यो माझा?”

“हो.”

“मग तुझ्याकडं कसा?”

तेवढ्यात अक्का आल्या. त्यांनी दात पाहिला, कार्ड पाहिलं, मला पाहिलं, आणि कार्ड पालथं घातलं.

“वस्ताद, त्यो जायाचाच हुता. मीच सांगिटलं आज काढ म्हणून.”

“आदी सांगायचं की अक्का. फोटो हाय माझा.”

“मिशा हायत की. तोंड मिटून उभं ऱ्हावा. वजन वाटतंय.”

सोमवारी फोटो आला. वस्ताद शोकसभेला आल्यासारखे कप देत होते.

डॉक्टरांनी मात्र दात पडला त्याच संध्याकाळी कार्ड बघून आम्हा दोघांना बोलावलं. “अक्का, काढू नये असं तुम्हीच लिहिता आणि तुम्हीच काढायला लावता? हात थकला की लक्षही थकतं. उद्यापासून तुम्ही काउंटरवर अपॉइंटमेंट बघा. स्टूलवर हा बसेल.”

अक्का उजवा अंगठा डाव्या हातानं चोळत उभ्या होत्या. “बरं,” म्हणाल्या. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मीही “बरं सर” म्हणालो. दात मी पाडला आणि बढती मला मिळाली.

दोन दिवस मी त्या इरकलीच्या स्टूलवर बसलो. बाहेर अक्का रजिस्टरमधे नावं लिहायच्या. रेघ मारतानाही पट्टीवर बोट टेकवून. माझ्या हाताखालची एक म्हातारी तोंडात हत्यार असतानाच विचारत होती, “अक्का कुटं हाय?” पाठीमागून कुणी काही विचारत नव्हतं, तरी मी सारखा मागं वळून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या केबिनमधे गेलो आणि सगळं एका दमात ओकलो. कार्ड मी वाचलं नव्हतं. अक्कांनी काही सांगितलं नव्हतं. मी सीईटी देतोय, ॲडमिशन मिळाली तर जाणार आहे.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “आणि आईचं पोट?”

“ठणठणीत आहे, सर.”

तो पुसून परत घातला. मग म्हणाले, “अक्कांना सांग, स्टूल त्यांचं. परीक्षेपर्यंत काउंटरवर तू. दिवसभर कार्डं वाच. सवय लागेल.”

मला वाटलं, अक्का खूश होतील. त्या भडकल्या.

“कशाला तोंड उघडलास? काढून टाकलं असतं म्हंजे? क्लासची फी कोण भरणार हुतं?”

“क्लासचं तुम्हाला ठाऊक होतं?”

“कुणाच्या आईचं पोट मंगळवार बघून दुखतंय, तम्मा? आणि ते पुस्तक ऑटोक्लेव्हच्या मागं दडवत जाऊ नको. वाफेनं पानं चिकटत्यात. मीच सोडवत बसतो रोज.”

“मग ओवा कशाला द्यायचा?”

“खोटं बोलायचं कवा थांबतोस, ते बघत हुतो,” अक्का म्हणाल्या आणि स्टूल ओढून घेऊन बसल्या. हत्यार उचलताना त्यांच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली मला पहिल्यांदा दिसली. माझे पाच महिन्यांचे मंगळवार त्या अंगठ्यानं ओढले होते.

मला ॲडमिशन मिळाली. निघताना अक्कांनी ओव्याची पुडी दिली. “आता हॉस्टेलचं जेवण. ह्या वेळंला खरंच लागंल.” लागला.

अक्का आता नाहीत. पण जाण्याच्या आदल्या वर्षी त्या इचलकरंजीला माझ्या दवाखान्यात आल्या होत्या, काठी टेकत. म्हणाल्या, “जन्मभर दुसऱ्याचं दात घासलं. माझं कोण घासणार?” आणि जाऊन खुर्चीत आडव्या झाल्या. तोपर्यंत मी पाटीवर नावामागं पदवी लावून कितीतरी वर्षं झाली होती. तरी अक्कांनी तोंड उघडलं आणि माझा हात वरच्या वर थांबला. तोंडात थुंकी ओढणारी नळी होती, त्यांना बोलता येत नव्हतं. डोळे टक्क उघडे.

मग पांघरलेल्या कापडाखालून त्यांचा हात वर आला. अंगठा पार वाकडा झाला होता. त्या वाकड्या अंगठ्यात त्यांनी माझं बोट धरलं, आपल्याच दातावर नेऊन टेकवलं, नीट टेकलंय का ते एकदा दाबून पाहिलं, हात परत कापडाखाली घेतला, आणि डोळे मिटले.