भरलेल्या ट्रॉल्यांची वजनं

“इर्फानभाई, काट्याचा कंप्युटर मेला. स्क्रीनवर कायीच नाई येऊन राह्यलं. फॉर्मेट मारा नाई तं कायी करा, पन आत्ता या.”

सुधाकरभाऊंचा हा फोन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. शेलूबाजारच्या रस्त्यावर त्यांचा वजनकाटा आहे, सोयाबीनची खरेदीही तेच करतात. मी कारंजा गावात कंप्युटर दुरुस्त करतो. ‘फॉर्मेट मारा’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. फॉर्मेट म्हणजे डिस्क कोरी करून विंडोज नव्यानं टाकणं. आमच्या लाइनीत ताप असो की मोडलेला पाय, सगळ्यांना हे एकच औषध देतात.

काट्यावर पोचलो तर भांडण चाललेलं. भरलेली ट्रॉली आधी काट्यावर चढते, मग माल गोदामात ओततात, मग रिकामी ट्रॉली पुन्हा चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. चिठ्ठी दुसऱ्या वजनानंतरच निघते. सकाळपासून आलेल्या ट्रॉल्यांची पहिली वजनं फक्त त्या कंप्युटरात होती, आणि सगळ्यांचं सोयाबीन एकाच ढिगात गेलं होतं.

“तीस क्विंटल धरून टाकू, पंचफुलाबाई,” सुधाकरभाऊ खिडकीशी उभ्या असलेल्या बाईंना म्हणत होते. “इतके वर्सं ढीग पाहून राह्यलो मी.”

“तीस कायले? ट्रॉली काठोकाठ होती मायी. सारं वावर हाय त्यात.”

“मंग तुमीच सांगा किती.”

बाईंनी ट्रॅक्टरवाल्याकडे पाहिलं. आकडा त्यांनी पाहिला नव्हता, ट्रॅक्टरवाल्याला आठवत नव्हता. वर्षभराची मेहनत ढिगात मिसळली होती.

“भाऊ, फॉर्मेट मारलं तं सकाळची वजनं जातीन,” मी म्हणालो. “काट्याच्या प्रोग्रामची सीडी हाय का?”

“करनारा पुन्याले गेला. सीडी-बीडी कायी नाई.”

मी कंप्युटरचा डबा उघडला. आतून खोबऱ्याचा वास आला.

“काल पूजा कोनं केली?”

“मीच. दसरा होता ना. नारळ फोडला.”

“कोठी?”

“डब्यावरच.”

नारळाचं पाणी वरच्या जाळीतून थेट मदरबोर्डवर उतरलं होतं, सोबत हळदीकुंकू. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मोठी पाटी. ओल रात्रभर मुरली आणि सकाळी चालता चालता ती गेली होती. पण डिस्क खालच्या खान्यात होती, ठणठणीत कोरडी. ते पाहून माझ्या अंगात वीज आली. विंडोज, प्रोग्राम, वजनं, सगळं डिस्कवर असतं. पाटी बदलायची आणि डिस्क तीच लावायची.

आधी मी माझ्या लॅपटॉपवर डिस्कची पूर्ण कॉपी काढली. बाहेर हॉर्न वाजत होते, सुधाकरभाऊ घड्याळ पाहत होते. मी ढिम्म. कॉपीशिवाय मी कोणाच्या डिस्कला हात लावत नाही.

मग सोबत आणलेला दुसरा चालू बोर्ड बसवला. बटण दाबलं. विंडोजचं चित्र आलं, निळा पडदा चमकला, मशीन पुन्हा बंद.

“गेलं ना?” सुधाकरभाऊ म्हणाले. “मारा फॉर्मेट.”

“थांबा हो.”

विंडोज मेलेलं नव्हतं, बावरलं होतं. जुना बोर्ड डिस्कशी एका पद्धतीनं बोलायचा, हा दुसऱ्या. बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन मी जुनी पद्धत लावली. पुन्हा बटण. चित्र आलं, थांबलं, आणि सुधाकरभाऊंच्या नातवाच्या फोटोसकट अख्खा डेस्कटॉप समोर आला. प्रोग्राम उघडला. सकाळच्या सगळ्या ट्रॉल्या ओळीनं उभ्या. मी आनंदानं टेबलावर थाप मारली.

पण पडद्यावर काट्याचं वजन शून्यच दिसत होतं. काट्याची जुनी वायर नव्या बोर्डाला बसत नव्हती, म्हणून मी मध्ये यूएसबीची जोडपिन लावली होती. प्रोग्राम काट्याला एक नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, शोधत होता, विंडोजनं त्याला पाच नंबर दिला होता. नंबर बदलला. आकडे धावायला लागले.

पंचफुलाबाईंची रिकामी ट्रॉली वर चढली. प्रिंटर खरखरला. सुधाकरभाऊंनी चिठ्ठी फाडली, पाहिली, पुन्हा पाहिली.

“किती भरलं?” बाईंनी विचारलं.

“चौतीस क्विंटल. वर वीस किलो.”

बाईंनी चिठ्ठी घेतली, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. तीसचं नाव कोणीच काढलं नाही. सुधाकरभाऊंनी पुढची ट्रॉली बोलावली.

सुधाकरभाऊ लबाड नाहीत, हे मी कोणालाही सांगेन. पण मशीन बंद पडलं की माणसं अंदाजावर येतात, आणि अंदाज माल घेणाऱ्यानं केला की तो कमीच भरतो.