नदीवरच्या पाळण्यातलं मत

होनोराच्या घरातून बाहेर पडायला एकच वाट होती, नदीवर ताणलेल्या तारेवरचा लाकडी पाळणा. तो ओढायचं चाक घराच्या काठावर, आणि चाकाची मूठ नवऱ्याच्या, कॉर्नीच्या हातात. न्यूझीलंडच्या त्या डोंगरी खोऱ्यात कॉर्नी वाटसरूंना बिछाना, जेवण आणि मुख्य म्हणजे दारू विकायचा. चौदा वर्षं होनोरा त्यांच्या चादरी धूत होती.

बायकांना मत हवं म्हणून सह्यांचा कागद खोऱ्यात फिरला, तेव्हा तिनं पलीकडच्या सुईणीच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या सही ठोकली. कॉर्नी पोट धरून हसला. सप्टेंबरात कायदाच झाला आणि स्वारीचा चेहरा उतरला. बायका दारू बंद करणार, ही त्याची भीती काही अगदीच खोटी नव्हती.

मतदानाच्या सकाळी तो चाकापाशी अडून बसला. "डूलनला देणार असशील तर सोडतो." डूलन म्हणजे दारूवाल्यांचा उमेदवार.

"बरं," होनोरा म्हणाली. नुसतं 'बरं' म्हणजे काही वचन नव्हे, असं तिनं मनाला समजावलं.

शाळेत, पडद्याआड, नको त्या नावांवर काट मारायची होती. डूलनच्या नावावर पेन्सिल इतकी दाबली गेली की कागद फाटायचाच बाकी राहिला. इतकी खूश ती लग्नातही नव्हती.

"चहा घेऊन जा गं," दारात सुईण मिसेस प्रिंगल म्हणाली. "राहा आजच्या दिवस."

"धाकटीला ताप आहे हो. तिला टाकून कशी राहू?"

पाळणा नदीच्या ऐन मध्यावर थांबला. खाली पुराचं पाणी.

"दिलंस ना डूलनला?" काठावरून कॉर्नी ओरडला.

"ते विचारायचं नसतं! ओढ मला!"

"मग बस तिथंच. मला कसली घाई?"

ती बसली. बोटं बधिर झाली तरी तोंड उघडलं नाही. मग दारात धाकटी आली, अनवाणी, अंगात नुसता सदरा, आणि आईच्या नावानं रडू लागली. कॉर्नीनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"दिलं!" होनोरा किंचाळली. "डूलनलाच दिलं! आता ओढ!"

चाक फिरलं. संध्याकाळी कॉर्नी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "आमची बाई शहाणी आहे, डूलनलाच दिलं तिनं." लोक हसून तिच्या नावानं पेले उंचावत होते, आणि होनोरा ते भरत होती.